फडक्यातली भाकर

पावसाळा मागे सरला, सकाळी दरीत धुकं साचून राहायला लागलं आणि खाचरांचा हिरवा रंग पिवळ्याकडे कलला, की माझ्या हातांना खाज सुटते. मनगटापासून कोपरापर्यंत. भात कापताना पातीची धार आणि लोंब्यांची कुसळं हात ओरबाडत जातात, त्यात घाम झोंबतो आणि मग आठवडाभर माणूस दिसेल त्या भिंतीला हात घासत फिरतो. पण मी पुण्यात राहते, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. इथे तांदूळ पिशवीतून येतो. तरी ऑक्टोबर सरत आला की खाज येतेच. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कसली तरी ॲलर्जी आहे, तपासावं लागेल. मी म्हटलं, तपासू नका, मला माहीत आहे.

यंदा खाज आली त्याच आठवड्यात पार्सल आलं. खाकी कागद, चिकटपट्टीचे नको इतके वेढे, आणि आत माझ्या पहिल्या कादंबरीच्या दहा प्रती. पाण्याखालचं एक गाव, तिथली जळमाणसं, त्यांची भातशेती आणि त्यांच्या उरावर बसलेला एक राजा, अशी ती अद्भुत कथा आहे. गेली दोन वर्षं ज्यांनी ज्यांनी ‘पुस्तकाचं काय झालं’ म्हणून विचारलं त्यांच्यासाठी बातमी एवढीच, की आलं. वास छान आहे. एका पानावर शाई फिकी उतरली आहे. दुसरी कादंबरी सातव्या प्रकरणात बैलासारखी बसली आहे आणि उठायला तयार नाही. घरातला गॅस काल संपला, म्हणून हा लेख मी चहाशिवाय लिहिते आहे. शिकवण्या अजून घेते. दहावीची मुलं विचारतात, ‘मॅडम, तुमच्या पुस्तकात ड्रॅगन आहे का?’ नाही म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात.

पुस्तक हातात आलं की लेखक निवांत होतो, असं मी ऐकलं होतं. खोटं आहे. काल दिवसभर मी त्या दहा प्रती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ठेवत होते. शेवटचं प्रकरण उघडायचं धाडस होत नव्हतं. ते तिसऱ्यांदा लिहिलेलं प्रकरण आहे. पहिल्यांदा ते मी एका पत्रकावरून लिहिलं, दुसऱ्यांदा लिहायला मी नकार दिला आणि तिसऱ्यांदा ते मला गावाकडच्या सोनाकाकूच्या खाचराच्या एका लोळलेल्या कोपऱ्यात सापडलं. त्या सुगीला आता दोन वर्षं झाली. खाज त्याच सुगीची आहे, असं मला वाटतं.

आमची वाडी गुंजवण्याच्या वरच्या अंगाला. मागे राजगड, खाली धरणाचं पाणी. आमची निम्मी खाचरं त्या पाण्यात गेली, वरची तीन राहिली. मी लहान असताना आण्णा, म्हणजे माझे वडील, धरणग्रस्तांच्या लढ्यात होते. दुसरे लोक घोषणा द्यायचे, आण्णा पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. अंकलिपी घरात यायच्या आधी ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ मला पाठ होतं. ‘जाहीर निषेध’ हा एखादा सण असावा, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं, कारण तो शब्द आला की घरात माणसं जमायची आणि आई मोठं पातेलं काढायची. आण्णा बोलायचे आमच्या वाडीचं, पण कागदावर उतरले की एकदम कडक, कांजी केलेल्या धोतरासारखे. ‘आता माघार नाही’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कागदावर मात्र शंभरदा वाचलं. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. वाडीनं त्याचं किरांती केलं.

पत्रक एका बाजूला छापलेलं असायचं, दुसरी बाजू कोरी. उरलेले गठ्ठे माझ्या मालकीचे. पाचवीत असताना त्या कोऱ्या पाठीवर मी माझी पहिली गोष्ट लिहिली. आमची बुडालेली खाचरं खाली अजून पिकतात, तिथे हिरव्या अंगाची माणसं राहतात, आणि त्यांच्याकडून भात उकळणारा एक जळराजा आहे. सोळा पानं झाली होती. आणि मग घोटाळा झाला. आण्णांनी घाईत माझा गठ्ठा नव्या पत्रकांत मिसळला आणि वेल्ह्याच्या बाजारात वाटून टाकला. सोळा पानं सोळा माणसांच्या हाती गेली. कुणी त्यात भजी गुंडाळली असतील, कुणी खिशात घातली असतील. आण्णा परत आले तेव्हा मी अंगणात लोळण घेऊन रडत होते.

त्यातलं पाचवं पान सोनाकाकूच्या वाट्याला आलं होतं.

सोनाकाकू आमची शेजारीण, बांधाला बांध लागलेली. नात्याची नाही, पण तेव्हापासून आजवर माझ्यावर तिच्याइतका हक्क कुणी सांगितला नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या बबननं, तो तेव्हा सातवीत होता, बाजारातून आल्यावर पत्रकाची पाठ वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी काकू कमरेवर हात ठेवून आमच्या दारात.

“किरांते, ह्यो राजा समद्यांचं भात आपल्या कणगीत भरून घेतोय. फुडं काय झालं?”

“काकू, पुढची पानं गेली.”

“गेली म्हंजी? ऱ्हायला का तसाच बसून त्यो? मेला का न्हाई?”

तेव्हापासून दर सुगीला, लग्नात, मयताच्या घरी, एसटीच्या थांब्यावर, काकू भेटली की तोच प्रश्न. “मेला का गं तुझा राजा?” मी कॉलेजात गेले, मोर्चांना गेले, माझी स्वतःची पत्रकं लिहिली, एकदा पोलीस ठाण्यात दिवसभर बसून आले. घरी परतले तर काकू म्हणाली, “त्ये ऱ्हाऊ दे. राजा मेला का?” वाचकाची एवढी चिकाटी पुढे मला कुठल्याही वाचकात दिसली नाही. खरं सांगायचं तर ती कादंबरी मी एका बाईचं तोंड बंद करायला लिहिली.

दोन वर्षांपूर्वी, भात पिवळं पडत असताना, एका प्रकाशनाचा निरोप आला. कादंबरी आवडली आहे, काढू, पण शेवटाबद्दल बोलायचं आहे. मी तेव्हा वाडीवर होते. आण्णांचे गुडघे गेले होते आणि सावडीला घरातून एक माणूस द्यायचं तर ते मीच होते.

सावड म्हणजे काय ते पुण्यात सांगावं लागतं. आमच्याकडे भात रोजानं माणसं लावून क्वचितच काढतात. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. लावणीला तसंच, कापणीला तसंच, झोडणीलाही तसंच. आणि ज्याचं खाचर त्याच्या घरचं जेवण. दुपारी बांधावर पातेली येतात, पाट्या उपड्या करून त्यावर बसतात, आणि मग चेष्टा, उखाळ्यापाखाळ्या, कुणाच्या सुनेला दिवस गेले त्याची चर्चा. दुपारची ती पंगत हाच सावडीचा अर्धा भाग. दुसऱ्याच्या खाचरात राबायला जाताना घरून भाकर बांधून न्यायची नसते. का न्यायची नसते, हे मला कुणी कधी समजावलं नव्हतं. पाण्यात पडल्यावर ओलं होतं हे समजावून सांगत नाहीत, तसं.

माझ्या कादंबरीचा शेवट ह्याच सावडीवर होता. जळराजाची सुगी येते आणि त्याच्या खळ्यावर कुणीही जात नाही. जळमाणसं आपापल्या दारात बसून राहतात. राजाचं भात उभं सडतं, आणि कणग्या रिकाम्या होत जाऊन तो मरतो. तो शेवट मी आण्णांच्या ट्रंकेतल्या एका जुन्या पत्रकावरून घेतला होता. लढ्याच्या काळात वरच्या आळीचे तात्या गुपचूप जाऊन जमीन द्यायच्या कागदांवर सही करून आले होते. गावाची एकी फोडणारी पहिली सही. त्या वेळचं आण्णांचं पत्रक मला तोंडपाठ होतं. ‘अशा माणसाच्या बांधावर कोणीही पाऊल ठेवू नये. त्याचं पीक उभं सडू द्या.’ लहानपणी ते वाचून माझ्या अंगावर काटा यायचा. माझ्या डोळ्यांसमोर तात्यांचं सोनेरी खाचर असायचं, सुनसान, त्यावर पाखरांचे थवे. असा विजय मी कुठल्याच गोष्टीत वाचला नव्हता.

संपादक मॅडमनी सकाळी दहाची वेळ दिली होती. त्याच दिवशी सावड सोनाकाकूकडे होती. वाडीत मोबाईलला रेंज नाही, खिंडीत चढून जावं लागतं. काकूच्या दारावरून जाताना मी म्हटलं, “काकू, अर्ध्या तासात आले. पुस्तकाचा फोन आहे.”

“जा बाय. राजाचंच हाय नव्हं?”

“त्याचंच.”

“मंग लवकर मारून ये,” काकू म्हणाली आणि विळा दगडावर घासायला लागली. बबन त्या दिवशी मुद्दाम थांबला होता. तो आता वरव्याकडे एका कारखान्यात टेम्पो चालवतो, त्यानं एक दिवसाची सुट्टी काढली होती.

फोन लागला. मॅडमचा आवाज गोड, घाई नसलेला. “क्रांती, भाषा फार सुंदर आहे हो तुमची. पण एक सांगा, ह्या राजाला मारतं कोण?”

“कोणीच नाही. सगळे.”

“तेच ना. वाचकाला एक चेहरा लागतो. तुमचा तो मल्हार आहे, तरुण आहे, त्याला राजासमोर उभा करा ना. हातात तलवार द्या.”

“त्याच्या हातात विळा आहे, मॅडम.”

“विळा मुखपृष्ठावर वेगळंच काहीतरी सुचवतो हो.” त्या हसल्या. मला हसू आलं नाही. “हे बघा, लोक खळ्यावर गेले नाहीत आणि राजा संपला, हे मला पटतच नाही. शुक्रवारपर्यंत विचार करून सांगा. नाहीतर यंदाच्या यादीतून आपल्याला हे पुस्तक बाजूला ठेवावं लागेल.”

फोन वीस मिनिटांत संपला होता. तिथून उठून खाली जायला मला पाय होते. पण माझ्या डोक्यात जाळ झाला होता. तलवार! ह्या डोंगरांनी तलवारी कमी पाहिल्या? प्रत्येक गोष्टीत एक घोडा, एक तलवार, एक छाती, आणि भात कापणाऱ्या शंभर हातांना मागच्या धुरळ्यात जागा. मी खिंडीतल्या कातळावर बसले आणि फोनवर उत्तर लिहायला घेतलं. ‘महोदया, आपल्या सूचनेचा मी स्पष्ट शब्दांत अस्वीकार करते.’ मग सामूहिक कृतीबद्दल एक परिच्छेद. मग श्रम करणाऱ्यांच्या अदृश्यतेबद्दल दोन. खोडलं, पुन्हा लिहिलं. ऊन डोक्यावर आलं. खाली सोनाकाकूचं खाचर काडेपेटीएवढं दिसत होतं आणि त्यात वाकलेले ठिपके. मी सहज मोजले. पाच होते. सहा असायला हवे होते. कोण बरं आलं नाही, असा विचारही मी केला. आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. श्रम करणाऱ्यांच्या अदृश्यतेवर लिहीत असताना खालच्या खाचरात कमी असलेला सहावा माणूस मीच आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

उतरले तेव्हा उन्हं कलली होती. बबन शेवटचा भारा बांधत होता. खाचराचा खालचा कोपरा उभाच राहिला होता.

“झाला का फोन?” काकूनं विचारलं.

“काकू, फार वेळ लागला. ते लोक ऐकेचनात.”

“आसंल,” ती म्हणाली. “दमली आसशील. घरी जा.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, सुटले.

पहाटे पाऊस आला. सुगीत येतो तसला, दोन तासांचा, कुणी न बोलावलेला. कापलेले भारे काकूनं आदल्या दिवशीच पडवीत ओढले होते, त्यांना काही झालं नाही. पण उभा राहिलेला कोपरा झोपला. भात चिखलात आडवं झालं की ते उचलून उचलून कापावं लागतं, एका माणसाला तिथे दोन माणसांचा वेळ लागतो, आणि चार दिवस तसंच राहिलं तर लोंबीतच कोंब फुटतात. बबनची सुट्टी संपली होती. तो सकाळीच कामावर गेला. मी खिडकीतून तो कोपरा पाहिला आणि म्हटलं, अरेरे. पावसाला उद्देशून म्हटलं.

एक दिवस ऊन खाऊ देऊन तिसऱ्या दिवशी आमची पाळी होती. मी पहाटे उठून रांधलं. सुकटाचं कालवण, डाळीची आमटी, मोठं पातेलंभर भात, तांदळाच्या भाकरी. आई गेल्यापासून आमच्या घरची सावडीची पंगत पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातची होती, म्हणून जरा जास्तच केलं. सगळे वेळेवर आले. सोनाकाकू, तिची जाऊ, वरच्या धनगरवाड्यावरचे ठकूमामा, ज्यांची मेंढरं भात निघाल्यावर आमच्याच खाचरांत बसतात, आणि त्यांची सून. न बोलता ओळ धरली आणि कापायला लागले. मीही त्यांच्यात. चर्र, चर्र, एवढाच आवाज. काकू कापताना एरवी गप्प बसत नाही. मी दोनदा विषय काढला, दोनदा “हूं” एवढंच आलं.

मग बांधावरच्या जांभळीकडे माझं लक्ष गेलं. फांदीला चार फडकी टांगलेली होती.

पाणी प्यायच्या भांड्यांची असतील, असं मी स्वतःला सांगितलं. दुपार झाली. मी धावत घरी गेले, पातेली पाटीत घालून डोक्यावर घेऊन आले. आण्णा काठी टेकत मागून आले होते, यजमान म्हणून. तोवर चौघंही जांभळीखाली बसले होते. काकूनं मांडीवर फडकं सोडलं. आत भाकर, त्यावर चटणी. ठकूमामांनी त्यांचं सोडलं. त्यांच्या सुनेनं मान खाली घालून तिचं. मी पातेल्यावरचं झाकण काढलं होतं, ते माझ्या हातातच राहिलं. कालवणाचा वास सगळ्या बांधावर पसरला.

“काकू, मी सगळ्यांचं केलंय.”

“केलं आसशील की. आमी आणलीया.”

“पण का?”

“का म्हंजी? भूक लागत्या म्हून.” काकूनं भाकरीचा तुकडा मोडला. “तू पन बस. खा तुझं.”

माझ्या तोंडाशी अख्खं पत्रक आलं होतं. फोन किती महत्त्वाचा होता, मी कुणासाठी भांडत होते, तुमच्यासाठीच तर. बोलायला तोंड उघडलं आणि आण्णांकडे बघितलं. आण्णा त्या फडक्यांकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते काठी टेकत वळले आणि घराकडे चालायला लागले. मागून जेवणाऱ्यांचा आवाज येत होता, शांत, नेहमीसारखा. जेवून त्यांनी हात धुतले आणि उरलेलं खाचर कापलं. सगळं कापलं. एक लोंबीसुद्धा उभी ठेवली नाही. कामात कुणी तसूभर कसूर केली नाही, आणि तेच मला सोसवेना.

तिन्हीसांजेला मी पातेली घेऊन घरी आले तेव्हा आण्णा ओट्यावर बसले होते.

“काय केलंस तू?” त्यांनी विचारलं.

मी खिंडीची गोष्ट सांगितली. मोजलेल्या ठिपक्यांची सांगितली नाही. ते गुडघे चोळायला लागले.

“तात्याच्या टायमाला आसंच झालं हुतं,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“समदी ग्येली हुती त्याच्या खाचरात. आख्खं गाव.”

“आण्णा, पत्रकात तर...”

“पत्रकात म्या ल्हिलं हुतं. झालं न्हाई तसं.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “म्या बांधावर उबा ऱ्हाऊन आरडलो, जाऊ नका म्हून. तुजी आई म्हनली, भाताचा काय गुन्हा? उबं भात सडू द्याचं आसतं व्हय? समदी ग्येली, पार झोडून, उफणून दिलं. पन एकानं त्याच्या घरचं पानी प्यालं न्हाई. फडक्यात भाकर न्हेली समद्यांनी. तात्याच्या बायकूनं चार पातेली रांदली हुती. तशीच भरलेली ऱ्हायली. तीन साल आसं चाललं. मंग तात्या सोताच यकदा येऊन चावडीम्होरं बसला, आन् रडला.”

“तुम्ही हे कधी लिहिलं नाही.”

“कसं ल्हिनार? म्हाजं कुनी आयकलं न्हाई त्यात.” ते हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. “पत्रक ऱ्हायलं ट्रंकंत. झालं त्ये कागदावर आलंच न्हाई.”

मी स्वयंपाकघरात जाऊन भरलेल्या पातेल्यांसमोर बसले. मला माझ्या पाण्याखालच्या गावाची लाज वाटली. तिथली जळमाणसं दारात बसून राहिली होती, कारण मी त्यांना पत्रकात वाढवलं होतं. खरी माणसं तशी वागत नाहीत. पिकलेलं भात बघून ज्यांचे हात स्वस्थ बसतात, ती माणसं शेतकरी नव्हेत. मॅडमना माझा शेवट पटला नव्हता. त्यांचं कारण चुकीचं होतं, औषध त्याहून चुकीचं होतं, पण त्यांना खटकलं ते बरोबर होतं. हे कबूल करायला मला अख्खी संध्याकाळ लागली. त्या दिवशी हातांना जी खाज सुटली ती थांबेना. चुलीजवळ जाऊन हात शेकले, खोबरेल लावलं, काही नाही.

शुक्रवार उजाडला. मॅडमना उत्तर द्यायचा दिवस. मी खिंडीत गेले नाही. धुकं असतानाच विळा घेऊन सोनाकाकूच्या खालच्या कोपऱ्यात उतरले. भाकर नेली नाही. फोन घरी ठेवला.

लोळलेलं भात कापणं म्हणजे केसांचा गुंता सोडवण्यासारखं आहे. एक मूठ उचलायची, चिखल झटकायचा, लोंब्या एका अंगाला करायच्या, मग विळा. विळा दोनदा बोटाला लागला. पाठ मोडायला आली तेव्हा वर बघितलं तर जेमतेम दोन पावलं जागा मोकळी झाली होती. काही लोंब्यांना खरंच पांढरे कोंब डोकावत होते. ते बघून मला रडू आलं आणि रडताना कापता येत नाही म्हणून ते थांबवलं. धुकं विरलं. राजगडाचा माथा उन्हात आला. काकू कधीतरी बांधावर येऊन उभी राहिली असणार. मला कळलं ते तिचा विळा दुसऱ्या टोकाकडून वाजायला लागला तेव्हा. ती तिकडून, मी इकडून. तिचा हात माझ्या तिप्पट चालतो. आम्ही एकमेकींकडे सरकत होतो आणि मध्ये भात कमी होत होतं.

शेवटची मूठ तिनं कापली. पाठ सरळ केली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या आजूबाजूला नजर फिरवली.

“भाकर कुठं हाय तुजी?”

“आणली नाही.”

“न्हाई आणली?”

“नाही.”

आता ती ‘बरं’ म्हणून एकटी घरी गेली असती तर मला वाडीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. तात्यांची तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. सावडीच्या कामावर भाकर न घेता यायचं म्हणजे तुझ्या हातचं खाईन असं म्हणायचं. आणि तिनं वाढायचं नाकारलं, की संपलं.

काकूनं भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि चालायला लागली. चार पावलं गेल्यावर न वळता ओरडली.

“आता काय आवतान धाडू का? चल की!”

पुढची बातमी थोडक्यात सांगते. मॅडमना मी उत्तर शनिवारी दिलं, एक दिवस उशिरा. दहा परिच्छेदांचं ते जळजळीत पत्र पुसून टाकलं. लिहिलं की शेवट मी बदलते आहे, तुम्ही म्हणता तसा नाही. राजाला कुणी मारणार नाही. मल्हारला तलवार मिळणार नाही. नवं प्रकरण पाठवते, वाचा, पटलं तर बघा. त्यांनी कितीतरी महिने काही कळवलं नाही. तेवढ्यात यादी गेली, वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, “वाचून मी दोन दिवस कुणाकडे जेवायला गेले नाही हो,” असं म्हणाल्या. तलवार सोडली. मुखपृष्ठावर किल्ला मात्र हवाच, म्हणाल्या. मी मान्य केलं. आमच्या दारातून तोच दिसतो, नाही कसं म्हणू? पण किल्ल्याच्या खाली, चित्रकारानं माझ्या सांगण्यावरून, झाकण ठेवलेली चार पातेली काढली आहेत. पुण्यातले मित्र विचारतात, ही काय भानगड? मी सांगते, वाचा.

उद्या पहिली एसटी धरून मी वाडीवर जाणार आहे, एक प्रत घेऊन. काकूकडे परवा सावड आहे. प्रत बबन वाचून दाखवील, रोज एक पान, म्हणजे तिला पाचव्याच्या पुढचं कळेल. हातांना खाज आहेच. आण्णांना मी सांगितलं की पुस्तकात तात्यांची हकिकत आली आहे, नाव बदलून. ते म्हणाले, “बरं झालं. आता ट्रंक उघडायला नको.” त्यांनी ते समाधानानं म्हटलं की उदास होऊन, मला अजून कळलेलं नाही.

शेवट मात्र काकूला कधीचाच माहीत आहे. त्या शुक्रवारीच तिला तो कळला, छापखान्याच्या कितीतरी आधी. तिच्या चुलीसमोर मी पाटावर बसले होते. हात कापलेले, नखांत चिखल. तिनं ताटलीत गरम भाकर टाकली, कालवण वाढलं, आणि मी पहिला घास तोंडात घालेपर्यंत समोर उकिडवी बसून राहिली. घास गिळला तसं तिनं विचारलं,

“मंग? मेला का त्यो राजा?”

“नाही काकू. मारला नाही कुणी.”

“आगं, मंग झालं तरी काय त्याचं?”

“सगळी माणसं आली त्याच्या खळ्यावर. भात कापलं, झोडलं, कणग्या भरून दिल्या. राजानं मोठी पंगत घातली. पण सगळ्यांनी आपापली भाकर आणली होती. त्याच्याकडे कुणी जेवलं नाही.”

काकूनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तिनं आणखी एक भाकर माझ्या ताटलीत टाकली.

“मंग मेलाच की.”